साठ ग्रॅम म्हणजे किती वाट्या? वजनाच्या ऑपरेशननंतर प्रोटीन आणि गोळ्यांचा हिशेब

डिस्चार्जच्या कागदावर बोट ठेवून सासूबाईंनी विचारलं होतं, "अगं, साठ ग्रॅम म्हणजे किती वाट्या?" मी गप्प. नवरा गप्प. सुदामानगरच्या आमच्या घरात तिघं पदवीधर, पण 'प्रोटीन रोज ६० ते ८० ग्रॅम' हे ताटात कसं दिसतं ते एकालाही ठाऊक नव्हतं.

माझं बायपास झालं (हृदयाचं नव्हे, जठर लहान करून वजन उतरवण्याचं) त्याला आता चार वर्षं होतील. तेव्हापासून इंदुरातल्या ओळखीच्या आणि ओळखीच्यांच्या ओळखीच्या लोकांचे फोन येतात. कुणाचं ऑपरेशन पुढच्या आठवड्यात असतं, कुणाची भावजय घरी येऊन चार दिवस झालेले असतात. प्रश्न तेच असतात, म्हणून एकदा नीट लिहून काढलं. मी डॉक्टर नाही, शाळेत गणित शिकवते. हिशेब कसा मांडायचा ते मी सांगेन, तुमचा आकडा तुमचे सर्जन किंवा आहारतज्ज्ञ ठरवतील. मूत्रपिंडाचा किंवा यकृताचा आजार असेल तर त्यांना विचारल्याशिवाय इथला एकही आकडा उचलू नका.

आधी एक गोष्ट सांगून टाकते, कारण बहुतेक जण तिथेच फसतात. नवे लोक प्रोटीन पावडरच्या डब्याला जीव की प्राण धरून बसतात आणि गोळ्या मात्र चौथ्या-पाचव्या महिन्यात, बरं वाटायला लागलं की सोडून देतात. व्हायला हवं ते नेमकं उलटं. डबा हा काही महिन्यांचा पाहुणा आहे. गोळ्या मात्र जन्मभराच्या सोबती.

तुमचा आकडा काढा

एरवी निरोगी माणसाला किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रोटीन पुरतं, असं आपल्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या तक्त्यात दिलं आहे. ऑपरेशननंतर ते पुरत नाही. वजन झपाट्याने उतरतं तेव्हा चरबीबरोबर स्नायूही झिजतात, आणि ती झीज थोपवायला जास्त प्रोटीन लागतं. म्हणून कमीत कमी ६० ग्रॅम, आणि किलोमागे साधारण १ ते १.५ ग्रॅम असा हिशेब धरतात. मात्र इथे वजन धरायचं ते काट्यावरचं आजचं नाही, उंचीला शोभेल ते. ढोबळ रीत अशी: उंची सेंटिमीटरमध्ये घ्या, बाईच्या उंचीतून १०५ वजा करा, पुरुषाच्या उंचीतून १००. माझी उंची १५७, म्हणजे वजन ५२ धरायचं. सव्वापट केली की ६५ ग्रॅम. माझ्या दिराची उंची १७२, त्याला ७२ किलोवर १.२ च्या हिशेबाने ८६ ग्रॅम सांगितले होते. ज्यांचं ऑपरेशन आतडं जास्त लांबीने वगळणाऱ्या प्रकारचं असतं त्यांना याहूनही जास्त लागतं, ते तुमचा सर्जन सांगेल.

हा आकडा फ्रिजवर चिकटवा. घरात स्वयंपाक करणाऱ्या प्रत्येकाला तो पाठ पाहिजे.

पहिले दोन महिने

बायपासनंतर जठराची जी छोटी पिशवी उरते तिच्यात सुरुवातीला जेमतेम ३० मिली मावतं, म्हणजे दोन मोठे चमचे. स्लीव्ह या दुसऱ्या प्रकारच्या ऑपरेशनमध्ये जठराचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग काढून टाकतात, तिथे जरा जास्त मावतं, पण सुरुवातीचे हाल तेच. अशा जागेत ६० ग्रॅम बसवायचे कसे? पहिल्या आठवड्यात बसत नाहीत, आणि त्यासाठी रडायचं नाही.

पहिले एक-दोन दिवस नितळ पातळ पदार्थ. मग साधारण दोन आठवडे दूध, ताक, पातळ केलेलं प्रोटीनचं पेय. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात मऊसूत वाटलेलं अन्न. त्यानंतर दुसरा महिना संपेपर्यंत मऊ अन्न: अंड्याची भुर्जी, कुस्करलेलं पनीर, घट्ट वरण. मग हळूहळू रोजचं. दवाखान्यादवाखान्यांत दिवस थोडे मागेपुढे असतात. तुमच्या कागदावर असेल तेच खरं, शेजारणीचं नाही.

या काळात डब्याला पर्याय नाही. घोट-घोट करत दिवसभर घ्यायचं. मी आमच्या देवघरातली छोटी वाटी काढून घेतली होती, तेवढीच भरायची आणि अर्ध्या तासात संपवायची. सासूबाईंना हसू यायचं, "नैवेद्याची वाटी गं ती!" म्हणत. पण मोठा पेला समोर आला की छाती दडपते, लहान वाटी संपल्याचं समाधान तरी मिळतं.

वरणाच्या पाण्यात काय असतं

इथे जरा थांबते, कारण मराठी घरातला सगळ्यात मोठा गैरसमज हाच आहे. आजारी माणसाला वरणाचं पाणी द्यायचं, ते पौष्टिक असतं, हे आपण आजीपासून ऐकत आलो. त्या पाण्यात मीठ असतं, हिंग-जिऱ्याचा वास असतो, आणि प्रोटीन नावापुरतं असतं. प्रोटीन डाळीत आहे, आणि डाळ पातेल्याच्या तळाशी बसली आहे.

कच्च्या मूगडाळीत १०० ग्रॅममागे साधारण २४ ग्रॅम प्रोटीन. एका माणसाच्या वाटणीला ३० ग्रॅम कच्ची डाळ आली तर ७ ग्रॅम झाले. आपल्याकडे चौघांच्या वरणाला एक लहान वाटी डाळ घालून त्यात तांब्याभर पाणी ओततात, मग एका वाटीत किती येणार ते तुम्हीच बघा. वरण घट्ट करा, चमचा उभा राहील इतकं. आणि भाताशिवाय खा.

बाकीचे आकडे माझ्या वहीतून देते:

एक अंडं ६ ग्रॅम, नुसता पांढरा भाग साडेतीन. दूध १०० मिलीत सव्वातीन. साधं दही तितकंच, पण त्याचा चक्का टांगला की १०० ग्रॅमला ८-९ वर जातं. पनीर १०० ग्रॅमला १८ ते २०. सोयाच्या वड्या कोरड्या असताना १०० ग्रॅमला ५० च्या वर, मात्र त्या भिजून फुगतात आणि सुरुवातीला पोटाला जड जातात, तिसऱ्या महिन्याआधी नको. भाजलेल्या चण्याचं सातू १०० ग्रॅमला २० च्या आसपास. शिजलेलं कोंबडीचं मांस १०० ग्रॅमला २५ च्या पुढे, मासे २० च्या आसपास. शेंगदाण्यात २५ असले तरी निम्मं तेल असतं, म्हणून मूठभर नाही, चमचाभर.

पोहे? कोरडे ४० ग्रॅम घेतले तर अडीच ग्रॅम. आणि साबुदाणा म्हणजे शुद्ध पिठूळपणा, प्रोटीन जवळजवळ शून्य. उपवासाचं काय, ते पुढे सांगते.

तिसऱ्या महिन्यातला माझा एक दिवस असा होता. सकाळी एक अंडं आणि एका अंड्याचा पांढरा भाग, भुर्जी करून: साडेनऊ. अकराच्या सुमारास अर्धा मोजचमचा पावडर ताकात: १२. दुपारी ५० ग्रॅम पनीर आणि तीन चमचे घट्ट वरण: १२. चार वाजता दीडशे मिली दूध: ५. सहा-साडेसहाला पुन्हा अर्धा मोजचमचा: १२. रात्री ६० ग्रॅम चक्का, मीठ-जिरं घालून, आणि अर्धी वाटी मूगडाळ: ९. बेरीज साडेएकोणसाठ. साठाला अर्धा कमी, पण गणिताच्या बाईंनी त्या दिवशी स्वतःला पूर्ण मार्क दिले. पोळी-भात या हिशेबात कुठे नव्हतेच, कारण त्यांना जागा उरत नव्हती.

नियम एवढाच: पहिला घास प्रोटीनचा. भाजी त्यानंतर, आणि पोळी-भात सगळ्यात शेवटी, राहिली जागा तर. घास बोटाच्या पेराएवढा, आणि तोंडात त्याचं पाणी होईपर्यंत चावायचा. छातीत दाटल्यासारखं झालं की हातातला घास खाली. 'एवढाच राहिलाय, संपवून टाक' हे वाक्य घरातून हद्दपार करावं लागतं.

डबा विकत घेताना

माझी चूक सांगते. ऑपरेशनच्या आधीच उत्साहाने एका दुकानातून दोन किलोचा डबा आणला, चॉकलेटचा. घरी आल्यावर त्याचा वाससुद्धा सहन होईना. ऑपरेशननंतर जिभेची चव बदलते हे मला कुणी सांगितलं नव्हतं. तो डबा शेवटी पुतण्याच्या व्यायामशाळेत गेला. म्हणून आधी लहान पुड्या किंवा छोटा डबा घ्या, दोन-तीन चवी चाखा.

दुकानात डबा उलटा करून मागची बाजू वाचायची. पुढच्या बाजूवर नुसती जाहिरात असते. बघायचं ते १०० ग्रॅममागे प्रोटीन किती. व्हे म्हणजे दुधापासून काढलेलं प्रोटीन; त्याचं जास्त शुद्ध रूप, आयसोलेट, असेल तर ८५ ते ९० च्या आसपास, कॉन्सन्ट्रेट असेल तर ७० ते ८०. औषधाच्या दुकानात 'प्रोटीन पावडर' म्हणून मिळणाऱ्या कित्येक डब्यांत हा आकडा ३०-४० वर असतो आणि उरलेली जागा साखरेने किंवा माल्टने भरलेली असते. आजारातून उठलेल्या, नीट जेवू शकणाऱ्या माणसाला ते चालत असेल. आपल्या दोन चमच्यांच्या पोटात साखरेला जागा देणं परवडत नाही.

ऑपरेशननंतर पुष्कळांना दूध पचेनासं होतं, पोट गुडगुडतं, जुलाब होतात. अशांनी आयसोलेट घ्यावं, त्यात दुधातली साखर फारच थोडी असते. दूध अजिबात चालत नसेल तर सोयाचं किंवा वाटाण्याचं प्रोटीन मिळतं. कोलाजेनच्या पावडरी हल्ली केस-त्वचेच्या नावाखाली खपतात. त्या या हिशेबात धरू नका. कोलाजेनमध्ये ट्रिप्टोफॅन हे आवश्यक अमिनो आम्ल नसतंच, त्यामुळे ते प्रोटीन अपुरं.

एफएसएसएआय या सरकारी अन्नसुरक्षा संस्थेचा १४ आकडी परवाना क्रमांक, बॅच आणि मुदत बघा, आणि पक्कं बिल घ्या. इंदूरच्या दवा बाजारात, म्हणजे औषधांच्या बाजारात, भाव कमी पडतो हे खरं, पण बिल मागितल्यावर तोंड वाकडं करणारा दुकानदार दिसला की पुढच्या दुकानात जायचं.

एक स्वयंपाकघरातली युक्ती: व्हे कधी उकळत्या दुधात टाकू नका, गुठळ्या होतात आणि मग ते गिळवत नाही. आधी थोड्या गार दुधात कालवा, मग कोमट दुधात मिसळा. गोडाचा कंटाळा आला की बिनचवीची पावडर जिऱ्याच्या ताकात घाला, वर कोथिंबीर. माझे सहा महिने या ताकावर निघाले. घट्ट वरणातही ती खपते, गॅस बंद केल्यावर घातली तर.

डबा कधी बंद करायचा? जेवणातून आकडा गाठता येऊ लागला की. मला आठवा-नववा महिना लागला. शाकाहारी असाल, अंडंही खात नसाल, तर जास्त काळ लागू शकतो, त्यात कमीपणा नाही.

पाणी

थोडक्यात: दिवसाला दीड लिटर तरी, घोट-घोट. जेवताना नाही आणि जेवल्यावर अर्धा तास नाही. आपल्याकडे पानाशेजारी तांब्या-भांडं ठेवायची रीत आहे, ती पहिल्या वर्षी मोडा.

गोळ्या: या सोडायच्या नाहीत

गोळ्या 'ताकदीच्या' म्हणून दिलेल्या नसतात. बायपासमध्ये अन्न लहान आतड्याचा पहिला भाग टाळून पुढे जातं, आणि लोह व कॅल्शियम मुख्यतः तिथेच शोषलं जातं. बी१२ शोषून घ्यायला जठरातून झिरपणारा एक घटक लागतो, तो बायपासमध्ये आणि स्लीव्हमध्येही कमी पडतो. म्हणजे तुम्ही कितीही चांगलं जेवलात तरी हा रस्ता अरुंदच राहणार. चार वर्षांनी तो आपोआप रुंद होत नाही.

नेहमीचे आकडे असे. बी१२ रोज ३५० ते १००० मायक्रोग्रॅम तोंडाने, किंवा महिन्याला १००० चं इंजेक्शन. शाकाहारी माणसाची पातळी मुळातच खालची असते, तेव्हा तिथे आळस नको. लोह: पाळी येणाऱ्या बायकांना आणि बायपास-स्लीव्हवाल्यांना रोज ४५ ते ६० मिलीग्रॅम. कॅल्शियम १२०० ते १५०० मिलीग्रॅम, पण एकदम नाही. एका वेळी ५००-६०० च्या वर शरीर घेत नाही. ड जीवनसत्त्व रोज ३००० युनिट, किंवा डॉक्टर देतील तशी ६०,००० ची आठवड्याची मात्रा. ही ६०,००० वाली पुडी आठवड्यातून एकदाच असते. आमच्या ओळखीतल्या एका काकूंनी ती पंधरा दिवस रोज घेतली आणि मळमळ-उलट्यांनी पुन्हा भरती झाल्या. बी१, म्हणजे थायमिन, रोज निदान १२ मिलीग्रॅम, शक्यतो ५०. आणि या सगळ्यावर एक चांगली मल्टिव्हिटॅमिन. मुलांच्या गमी गोळ्या चालणार नाहीत, त्यात बहुतेक लोहच नसतं.

कॅल्शियम घेताना 'सायट्रेट' लिहिलेलं घ्या. कार्बोनेट स्वस्त मिळतं, पण ते विरघळायला जठरातलं आम्ल लागतं, आणि तेच तर आता कमी झालंय.

लोह आणि कॅल्शियम यांचं सासू-सुनेसारखं आहे, एका वेळी एका स्वयंपाकघरात नको. दोघांत किमान दोन तासांचं अंतर. चहा-कॉफीही लोहाला अडवते, तेव्हा सकाळचा चहा आणि लोह यांच्यात तासाभराची फट ठेवा. मी सकाळी सहाला लिंबूपाण्याबरोबर लोह घेते, साडेसातला चहा, अकराला कॅल्शियम, दुपारी जेवणाबरोबर मल्टिव्हिटॅमिन, पाचला पुन्हा कॅल्शियम, रात्री निजताना तिसरं. मल्टिव्हिटॅमिनमध्येही लोह असतं, म्हणून ते कॅल्शियमपासून लांब. रिकाम्या पोटी लोहाने मळमळत असेल तर दोन घास खाऊन घ्या; न घेण्यापेक्षा ते बरं. गजर लावा. माझा फोन शिकवण्याच्या तासाला वाजतो तेव्हा सातवीची मुलं म्हणतात, "मॅडम, गोळी!"

इंदुरात राहून

आता खरी परीक्षा. या शहरात रविवारी सकाळी पोहे-जिलबी नाही खाल्ली तर लोक तब्येतीची चौकशी करतात, रात्री दहानंतर सराफ्यातल्या खाऊगल्लीत चक्कर असते, थंडीत गराडू, म्हणजे तळलेला कंद. सगळं कायमचं बंद असं मी कुणाला सांगत नाही, कारण ते कुणी पाळत नाही.

जिलबी मात्र वेगळी गोष्ट आहे. बायपासनंतर साखरेचा पाक थेट लहान आतड्यात उतरतो आणि पंधरा-वीस मिनिटांत धडधड, घाम, पोटात कळ, गरगर. याला डंपिंग म्हणतात. मी सातव्या महिन्यात छप्पन दुकानावर एकच कडं खाल्लं आणि तासभर गाडीत आडवी पडले. इंदुरी शिकंजीसुद्धा तशीच. नावावरून लिंबूपाणी वाटतं, असते आटवलेल्या दुधाची, साखर आणि सुकामेव्याची. भुट्ट्याचा कीस दोन चमचे चालतो, पण त्याआधी घरून पनीर खाऊन जा. पोहे खायचेच तर अंड्यानंतर चार चमचे, सेव वरून चिमूटभर.

उपवासाला 'एकादशी आणि दुप्पट खाशी' हे आपल्याला आता जमणारच नाही, तो प्रश्न सुटला. पण साबुदाण्याच्या खिचडीवर दिवस काढलात तर प्रोटीन बुडालं. दूध, ताक, घरचं पनीर, राजगिऱ्याची लापशी, थोडं दाण्याचं कूट यावर दिवस निघतो. निर्जळी उपवास पहिल्या वर्षी करूच नका. सासूबाईंनीच मला सांगितलं, "तुझी हरतालिका मी धरते." असं माणूस सगळ्यांच्या घरी नसतं, मला माहीत आहे. हळदी-कुंकवाला, केळवणाला आग्रह होणार. तेव्हा हातात ताटली धरून ठेवायची आणि बोलत राहायचं. रिकामा हात दिसला की लोक वाढतात.

केस, मुंग्या आणि उलट्या

तिसऱ्या-चौथ्या महिन्यात केस झडतात. भरपूर झडतात, न्हाणीघराची जाळी तुंबते. झपाट्याने वजन उतरल्याचा तो धक्का असतो. प्रोटीन, लोह आणि जस्त नीट असेल तर बहुतेकांचे सहा ते बारा महिन्यांत परत येतात. बायोटिनच्या मोठ्या मात्रेच्या गोळ्यांवर पैसे घालवण्याआधी डॉक्टरांना विचारा. बायोटिनमुळे थायरॉइडसारख्या रक्ततपासण्यांचे आकडे चुकू शकतात, ही गोष्ट दुकानदार सांगत नाही.

पायावर सूज, जखम लवकर न भरणं, जिना चढताना मांड्या लुळ्या पडणं, ही प्रोटीन कमी पडल्याची खूण असू शकते. हातापायांना मुंग्या आल्या तर बी१२ बघा. बर्फ चघळावासा वाटणं, माती-खडूची ओढ लागणं हे लोहाचं. आमच्या एका शिक्षिकेला खडूचा वास आवडायला लागला होता; आम्ही चेष्टा केली, नंतर तपासलं तर फेरिटिन, म्हणजे शरीरातल्या लोहाच्या साठ्याचा आकडा, तळाला.

उलट्यांच्या बाबतीत मात्र वाट बघायची नाही. दोन-तीन दिवस काहीच पोटात टिकत नसेल तर थायमिन फार लवकर संपतं. त्यात एकाच्या दोन वस्तू दिसू लागल्या, चालताना तोल जाऊ लागला, माणूस गोंधळल्यासारखं बोलू लागला, तर रात्री दोन वाजता का होईना दवाखाना गाठा. तिथल्या ड्युटी डॉक्टरला पहिलं वाक्य हे सांगा: "वजनाचं ऑपरेशन झालंय, उलट्यांमुळे थायमिनही पोटात गेलेलं नाही." कारण अशा वेळी थायमिनशिवाय ग्लुकोजची सलाइन लावली तर मेंदूला इजा होण्याचा धोका वाढतो. हे वाक्य घरातल्या दुसऱ्या माणसालाही पाठ करून ठेवायला सांगा, कारण त्या वेळी बोलणारे तुम्ही नसाल.

तपासण्या

तिसऱ्या, सहाव्या, बाराव्या महिन्यात, आणि मग दरवर्षी: हिमोग्लोबिनसकट रक्ताची पूर्ण तपासणी, फेरिटिन, बी१२, फोलेट, ड जीवनसत्त्व, कॅल्शियम, पॅराथायरॉइड हार्मोन आणि अल्ब्युमिन. नुसतं हिमोग्लोबिन बघून 'सगळं ठीक' म्हणू नका, फेरिटिन त्याच्या कितीतरी आधी घसरतं. मूल हवं असेल तर साधारण वर्ष-दीड वर्ष थांबायला सांगतात, आणि दिवस राहण्याआधी हे सगळे आकडे जागेवर लागतात.

रिपोर्ट एका फाइलमध्ये, तारखेप्रमाणे, सगळ्यात वर ऑपरेशनचा कागद. दातांच्या डॉक्टरकडे गेलात तरी ती फाइल न्या. बायपासवाल्यांना दुखण्यावरच्या साध्या साध्या गोळ्यांनीही पिशवीत व्रण होऊ शकतो, आणि दाढ दुखली की पहिली लिहून मिळते ती तीच गोळी.